ओसाड कुठून लागतं

नाशिक, १९ जानेवारी २०००

विहीणबाई साळूबाईंना नाशिकहून रंगनाथ मास्तरचा नमस्कार पोचावा.

पत्र हर्षाली वाचून दाखवेल, म्हणून तिलाही दोन शब्द. बाळ, लिहिलंय तसं वाच. अवघड ओळ आली की गाळून पुढे जायची तुझी शाळेपासूनची खोड आहे, ती आता सासूसमोर दाखवू नकोस.

संक्रांतीची पिशवी परवा संतोषरावांच्या हाती परत आली. लेकीची पहिली संक्रांत. तिची काळी साडी, हलव्याचे दागिने, तिळगूळ सगळं तुम्ही ठेवून घेतलंत आणि विहिणीच्या मानाचं हिरवं लुगडं तेवढं घडीसुद्धा न मोडता परत धाडलंत. मैनाने पिशवी उघडली, लुगडं पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" तीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने 'काय झालं' असं कधी विचारलेलं नाही. ती 'काय केलंत' असंच विचारते.

विहिणी मांडवात रुसतात हे आम्ही ऐकून होतो. तुम्ही तर लग्नात वरणाला मीठ कमी होतं तरी हूं की चूं केलं नाहीत, उलट धावपळीत उपाशी राहिलेल्या मैनाला हाताला धरून पंगतीत बसवलंत. मांडव उतरून आठ महिने झाल्यावर रुसणारी विहीण मी पहिल्यांदाच पाहतो आहे. संतोषरावांना विचारलं, तर ते बिचारे बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाले, "आईला त्या दिवसाचं लागलंय."

त्या दिवसाचं म्हणजे डिसेंबरातल्या आमदारसाहेबांच्या कार्यक्रमाचं असणार. तुमच्या करंजठाणच्या खाली, धरणाच्या काठावर मांडव घातला होता. तिथे 'जलविहार' व्हायचा आहे, हॉटेल, होड्या, हिरवळ, असं साहेब सांगत होते. प्रकल्पग्रस्त भगिनी म्हणून तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषण अर्ध्यावर आलं आणि तुम्ही पदर सावरून उठलात ते सरळ चालू लागलात. मी मांडवाच्या मागे उभा होतो. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

लोक म्हणतात, साहेबांची भाषणं मास्तर लिहितो. लोकांचं काय घेऊन बसलात. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. ते कागद पाठवतात, मी शुद्धलेखन तपासून देतो. त्या भाषणातलं काही तुम्हाला लागलं असेल तर त्याचा राग आमच्या लुगड्यावर काढू नये, ही विनंती.

लुगडं मैनाने कपाटात ठेवलं आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी घेऊन येतो.

तुमचा व्याही,
रंगनाथ


नाशिक, ८ फेब्रुवारी २०००

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर हर्षालीचं, पण आवाज तुमचा. मी ते मैनाला वाचून दाखवलं नाही, तिनेच माझ्या खिशातून काढून वाचलं.

"मास्तर, नुसतं शुद्धलेखन तपासनाऱ्यानं माजं बोलनं कुठून आनलं? धरन लय खातं, पन दर साली थोडं थोडं ओकतं, आन् त्येवड्यावर आमी जगतो. ह्ये म्या तुमास्नी सांगितलं व्हतं. त्या साहेबाला नाय."

चोराच्या उलट्या बोंबा पुरे झाल्या. भाषण मी लिहिलं. तेच नव्हे, गेल्या वीस वर्षांतली साहेबांची झाडून सगळी भाषणं मी लिहिली. आधी हौस होती. मग माझी पेन्शनची फाईल दोन वर्षं अडली, ती साहेबांच्या एका फोनने सुटली, आणि हात दगडाखाली गेला.

तुमचं वाक्य मी गेल्या फेब्रुवारीत उचललं. तुमचं घर बघायला आलो होतो, सोयरीक अजून ठरायची होती. दुसऱ्या कुणी व्याह्याला बैठकीत बसवून चहा पाजला असता. तुम्ही म्हणालात, "चला, आमचं रान दावते," आणि मला धरणाच्या पाण्याकडे घेऊन निघालात. मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. पाण्यात कसलं रान?

आणि मग तुम्ही ते दाखवलंत. दिवाळीनंतर पाणी उतरू लागतं, दर आठवड्याला पट्टाभर जमीन उघडी पडते, त्या ओल्या गाळात बावीस घरं पेरणी करतात. एक पट्टा, एक रेघ. गहू, हरभरा, कांदा, पाणी खाली जाईल तशी पुढची रेघ. गाळपेर हा शब्द मी कागदोपत्री शंभरदा लिहिला असेल, पण पाहिली त्या दिवशी. गाळ पेरायला कधी तयार होतो, असं मी मास्तरकीच्या थाटात विचारलं. तुम्ही वहाणा काढल्यात, पाय गाळात रोवलात, उचललात आणि म्हणालात, "पाय सोडला का झाला तयार." पुढे एका हिरव्या तुकड्यात उभ्या राहिलात आणि सहज सांगितलंत, "ह्ये माजं सैपाकघर व्हतं. हितं गहू लय चांगला येतो." मी खाली वाकून पाहिलं तर गव्हाच्या ताटांमधून चुलीजवळच्या फरशीचा कोपरा दिसत होता.

मी त्या फरशीवरून हात फिरवला, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हाच तुम्ही ते वाक्य बोललात. घरी येताना घोटीपासून नाशिकपर्यंत एसटीत मी ते घोळवत होतो. इतकं नेमकं मला जन्मात लिहिता आलेलं नाही.

आणि त्याचं मी काय केलं? डिसेंबरात साहेबांना त्या काठासाठी भाषण हवं होतं. मी तुमचं वाक्य काढलं, धुतलं, इस्त्री केली. 'खातं' आणि 'ओकतं' बरं दिसेना, म्हणून लिहिलं, 'हा जलाशय दरवर्षी आपल्याला भूमीचे दान परत करतो; हे दान ओसाड पडू देणे हा निसर्गाचा अपमान आहे.' टाळी पडली. तुम्ही उठलात.

आता आमच्या धंद्यातलं तुम्हाला सांगतो, कुणी सांगणार नाही. नदी प्रचारात आई असते, अंदाजपत्रकात जलस्रोत असते आणि पूल बांधायचा असला की अडथळा असते. डोंगर स्वागताच्या भाषणात सह्याद्रीचा कणखर कडा, ठेक्याच्या कागदावर मुरूम. धरणात थांबलं तर पाणी संपदा, समुद्राकडे गेलं तर वाया. आणि एखादी जागा हवी असली की आधी तिला ओसाड म्हणायचं. जागा अशी शब्दांत रिकामी करून ठेवली की पुढचं काम सोपं जातं. हे मी शिकलो, आणि चांगलं शिकलो.

हर्षा, इथे थांबू नकोस. तुझा बाप कसा आहे ते तुलाही कळू दे.

रंगनाथ


नाशिक, १४ एप्रिल २०००

विहीणबाई,

दोन महिने तुमचं उत्तर नाही. रागवा, पण हे पत्र ऐका, कारण आता गोष्ट माझ्या-तुमच्या रुसव्याची राहिलेली नाही.

चोवीस मेला पाटबंधारे खात्याचा अधिकारी तुमच्या काठावर येऊन पंचनामा करणार आहे. काठ ओसाड असं त्या कागदावर आलं, की कार्तिकापासून तुमचे गाळपेरीचे परवाने बंद आणि काठ जलविहाराला. बावीस घरांची पेरणी त्या एका कागदावर टांगली आहे. पंचांमध्ये तुमचं नाव आहे.

मे महिनाच का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, त्यामुळे जागा भरपूर दिसते, असं कुणीतरी सुचवलं म्हणतात. पण तेव्हा तुमचं सगळं पीक निघालेलं असणार. भेगाळलेली माती आणि धसकटं. मोटारीतून उतरलेल्या माणसाला ओसाडच दिसणार.

मी खूप डोकं खाजवलं आणि उपाय सापडला. अगदी पाण्यालगतची खालची रेघ तुम्ही दरवर्षी न पेरता सोडता, हे मी पाहिलं होतं. ती अजून ओली असेल. यंदा तेवढी पेरा. मेथी महिनाभरात वर येते. चोवीस तारखेला काठावर हिरवा पट्टा दिसला, की ओसाड म्हणायची कुणाची छाती आहे? दोन किलो मेथीचं बी संतोषरावांबरोबर पाठवतो आहे. त्यांना इगतपुरीची ड्यूटी सुटली की थेट करंजठाणला जायला सांगितलंय.

एक वर्षाचा प्रश्न आहे. देखावा म्हणून पेरा, पण पेरा. मला या बाबतीत अनुभव आहे, एवढं तरी माना.

रंगनाथ


नाशिक, ३ मे २०००

विहीणबाई,

तुमचं कार्ड काल आलं. काल लिहायला बसलो असतो तर भलतंच लिहिलं असतं, म्हणून आज लिहितो.

"मास्तर, खालची रेघ आपली नाय. तितं गुरं पाण्याला उतरत्यात आन् टिटवी बसती. तिनं अंडी पाण्याजवळ घातली का पाऊस कमी, वर घातली का लय. ह्ये बघून आमी घरात बी राखतो. तितं पेरलं तर ती कुठं बसंल? आन् खोटं हिरवं दावून काठ वाचवला, तर तुमच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला? तुमची मेथी चांगली हाय. हर्षालीच्या बाळंतपणात लाडवाला व्हईल."

हर्षा! बापाला ही बातमी अशी कळवतात? तुझी आई कालपासून शेजारणींना पेढे वाटत फिरते आहे आणि मी एका हातात कार्ड धरून हसू की कपाळ बडवू ते ठरवतो आहे.

विहीणबाई, खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. मैनाला म्हणालो, "एका टिटवीपायी ही बाई बावीस घरं बुडवणार." ती म्हणाली, "बुडवणारी ती नाही. तुम्ही." आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर पडली.

मग मी कार्ड परत वाचलं. मी उभ्या आयुष्यात 'निसर्गाशी एकरूप' हे शब्द किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. वृक्षारोपणाला लिहिले, धरणाच्या पायाभरणीला लिहिले, धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनालाही लिहिले. पण सगळं गळ्याशी आलेलं असताना टिटवीची जागा न पेरणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. तुम्हाला हे मोठं वाटतच नाही, तुम्ही नेहमीचं म्हणून सांगता. मला तुमचा अभिमान वाटतो, विहीणबाई. माझी लेक तुमच्या घरात पडली याचा वाटतो.

आता दोन गोष्टी लिहून टाकतो, नाहीतर राहूनच जातील. मे महिना सुचवणारा 'कुणीतरी' मीच. आणि पंचनाम्याचा मसुदा तयार आहे. माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या अक्षरात आहे.

तो फाडण्याइतका मी शूर नाही. तसं असतो तर ही पत्रं लिहायची वेळच आली नसती.

रंगनाथ


नाशिक, २६ मे २०००

विहीणबाई,

परवाचं सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तरी लिहितो. तुम्ही मला बाहेरून पाहत होतात, आत काय चाललं होतं ते सांगायचं राहिलं.

सकाळी साहेबांच्या पी.ए.च्या जीपमध्ये बसताना मनाशी ठरवलं होतं, की मागे उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. कागद त्यांचा, सही अधिकाऱ्याची, अंगठे पंचांचे, यात आपला काय संबंध? काठावर पोचलो तर भकास ऊन. करंजठाणची माणसं बाभळीखाली उभी होती. खरं सांगू, मला तो काठ त्या क्षणी ओसाडच दिसला. मसुदा काही अगदीच खोटा नाही, असंही मनात येऊन गेलं आणि जरा बरं वाटलं.

तो चष्मेवाला तरुण अधिकारी नियमाचा निघाला. म्हणाला, पंचांना वाचून दाखवल्याशिवाय अंगठे घेणार नाही. पी.ए.ने वाचायला सुरुवात केली आणि माझ्या अक्षराला अडखळला. अधिकारी म्हणाला, "अक्षर ज्याचं आहे त्यांनीच वाचावं."

मी वाचलं. 'सदर क्षेत्र ओसाड, खडकाळ व निसर्गतः पडीक असून तेथे कोणत्याही स्वरूपाचा वापर आढळून आला नाही.' वाक्य ठाकठीक होतं.

तुम्ही म्हणालात, "मास्तर, पुन्यांदा वाचा. सावकाश."

पुन्हा वाचलं. माणसं ऐकत होती.

"बरं. मंग ह्ये ओसाड कुठून लागतं, ते पायानं दावा. म्हंजी अंगठा कुठवरचा द्यायाचा त्ये आमाला कळंल."

तुमच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. पण तुम्ही शेताची हद्द विचारावी तसं विचारलंत. अधिकाऱ्यालाही ते रास्त वाटलं. "दाखवा ना," तो म्हणाला. मी चार पावलं टाकून थांबलो आणि म्हणालो, "इथून."

बाभळीखालून तुमचा गोटीराम पुढे आला, वाकला आणि मूठभर वाळलेली पात माझ्यापुढे धरली. "मास्तर, ह्यो माजा कांदा. मार्चात काढला. वास घ्या."

मी आणखी खाली गेलो. वहाणेच्या कडेने धसकट टोचलं. "तुमी आता माज्या सैपाकघरात हायसा," तुम्ही म्हणालात आणि दोन-तीन बायका हसल्या. मी आणखी खाली सरकलो. त्याच्या खाली कुणाचा हरभरा, त्याच्या खाली काकडीचे सुकलेले वेल. दर ठिकाणी मी थांबायचो आणि कुणीतरी म्हणायचं, "हितं नाय, मास्तर." मागून अख्खं गाव उतरत होतं, आणि अधिकारी वहीत लिहीत होता.

असा मी अगदी खालच्या रेघेपर्यंत आलो. तिथे मात्र काही नव्हतं. पीक नाही, धसकट नाही, नुसती खड्यांची वाळू. मनात म्हणालो, सुटलो. "हे बघा," मी म्हणालो, "हे तरी..."

आणि ती डोक्यावर आली. टिटवी. ओरडत येऊन कानाजवळून गेली, वळली, परत आली. दुसरी पी.ए.च्या टोपीवर झेपावली. त्याने छत्री उगारली तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा तुमचा आवाज चढला.

"छत्री खाली घ्या, सायेब! बाळंतीण हाय ती."

मी पायांकडे पाहिलं. माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर चारही गेली असती. आणि मी ते पाऊल टाकणार होतो, विहीणबाई. वाक्य पुरं करायला.

अधिकारी उकिडवा बसला. त्याने विचारलं, ही जागा मुद्दाम सोडता का? तुम्ही त्याला सांगितलंत, की औंदा अंडी पाण्यापासून लय वर हायेत, पाऊस भरपूर होईल, पाणी उशिरा उतरेल, म्हणून पुढच्या पेरणीला बी उशिराचं लागेल. तो पोरगा शहरातला, इंजिनिअरिंग शिकलेला, पण टोपी काढून ऐकत होता. मी तुमच्याकडे पाहत होतो. मला पाय पुढे टाकता येईना आणि मागे वळून कुठे बोट दाखवावं तेही सुचेना. सगळा काठ ज्याच्या त्याच्या नावाने भरलेला होता आणि माझ्या शब्दाला उभं राहायला टिचभर जागा उरली नव्हती.

मी पेन काढलं आणि मसुद्यावरची ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली.

"मास्तर, हे काय करताय?" पी.ए. ओरडला.

"शुद्धलेखन," मी म्हणालो.

हे शौर्य नव्हे. शौर्य तुमचं. तुम्ही मला पाडलं असतंत तरी चाललं असतं, सगळ्यांसमोर चोर म्हटलं असतंत तरी खोटं नव्हतं. तुम्ही फक्त चालायला लावलंत. अधिकारी म्हणाला, खोडलेला कागद चालत नाही, मी नव्याने लिहितो. मग तो दगडावर बसून दोन तास एकेका घराला विचारत लिहीत राहिला आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभा होतो. तुम्ही अंगठा दिलात. पी.ए.ची जीप कधीच निघून गेली होती.

साहेबांचा निरोप काल आला. माझी गरज नाही म्हणाले. मैनाने साखरभात केला.

रंगनाथ


नाशिक, २१ नोव्हेंबर २०००

विहीणबाई,

हर्षाली इथे माहेरी आहे, म्हणून हे पत्र संतोषरावांनी वाचावं. संतोषराव, तुमची लेक ठणठणीत आहे, रात्रंदिवस रडते, आवाज आजीचा घेतला आहे.

बारशाला तुम्ही आलात, मैनाने पुढे केलेलं लुगडं घेतलंत, त्यामुळे घराला घरपण आलं. जाताना बाळंतिणीच्या खोलीत बसून तुम्ही जे काम सांगून गेलात, त्याचा हिशेब द्यायला हे पत्र.

पंचनाम्यामुळे जलविहार तूर्त लांबला, पण परवाने आपोआप मिळणार नव्हते. बावीस घरांचा अर्ज कार्तिकात द्यायला हवा होता. साहेब गप्प बसलेले नाहीत. त्यांनी नवा लेखक ठेवला आहे आणि आता ते 'हिरवा काठ, हिरवी माय' असं बोलू लागले आहेत. व्यासपीठावर बसायला तुम्हाला बोलावणं आलं होतं, तुम्ही गेला नाहीत. नव्या लेखकाची विशेषणं बरी आहेत, माझ्यापेक्षा ताजी. पण परवान्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. पेरणीचे दिवस निघून चालले होते आणि अर्ज फेटाळला गेला असता तर सगळं मुसळ केरात.

म्हणून मी बारशाआधीच जीव ओतून अर्ज लिहिला. तीन पानं. तुम्ही नातीला मांडीवर घेऊन ऐकलात आणि म्हणालात, "मास्तर, लय ग्वाड झालंय. पन ह्यात आमी कुठं हाय?"

मी रागावलो होतो, हे तुम्हाला कळलं असेलच. मग म्हटलं, सांगा तुम्ही, मी लिहितो. तुम्ही सांगितलंत, नातीला थोपटत, मध्ये एकदा तिचं दुपटं बदलत. ते असं:

'आमी करंजठाणची बावीस घरं. आमचं गाव आन् रान पाण्याखाली हाय. पाणी उतरतं तसं आमी आमच्याच रानात पेरतो. पाणी चढलं का मागं सरतो. खालची रेघ पेरत नाय, ती गुरांची आन् पाखरांची. औंदा बी पेरू द्यावं.'

तुम्ही निघून गेल्यावर मी त्या सहा ओळी घेऊन दोन दिवस बसलो. 'पाण्याखाली' पुढे काहीतरी घालावं असं वाटलं. 'कष्टाने' हा शब्द तरी कुठेतरी बसवावा असं वाटलं. दर वेळी घालून पाहायचो आणि ओळ खोटी वाटायची. शेवटी स्वच्छ कागदावर तुमच्या शब्दांत, जशाच्या तशा उतरवल्या. त्यात माझं काही नाही.

संतोषरावांनी बावीसही घरांचे अंगठे आणून दिले. काल मी अर्ज घेऊन गेलो. कारकुनाने वाचून नाक मुरडलं, असा अर्ज असतो का म्हणाला. तेवढ्यात तो चष्मेवाला आला. उभ्याने वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि आत घेऊन गेला. मी बाकावर दोन तास बसलो. बाहेर आला तो मंजुरीचा शेरा घेऊनच. औंदा पेरा, विहीणबाई. बावीसही घरांनी पेरा. हुकमाची प्रत सोबत जोडली आहे.

पण कारकुनाने कागद माझ्यापुढे परत सरकवला. म्हणाला, "अंगठ्याच्या अर्जावर लिहिणाराचं नाव लागतं. खाली घाला."

विहीणबाई, वीस वर्षं मी लिहिलं. साहेब बोलले, मंत्री बोलले, मैदानं भरली, वर्तमानपत्रांत छापून आलं. त्यातल्या एकाही कागदाखाली माझं नाव नव्हतं. काल पहिल्यांदा कुणीतरी मला नाव विचारलं, आणि तेही माझं एकही अक्षर नसलेल्या कागदाखाली घालायला. बावीस अंगठ्यांच्या खाली थोडी जागा होती. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, तेव्हा कारकून म्हणाला, "आजोबा, बसून लिहा."

मी उभ्यानेच लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं.

तुमचा व्याही,
रंगनाथ